चौदाव्या वर्षाची गच्ची

"पुढचा विचार करून ठेवणं चूक आहे का, अप्पा?"

मठाच्या ओसरीवर टेकता टेकताच मुरारराव रेडेकरांनी विचारलं. टेकडी चढून आल्यामुळे धाप लागली होती. पण प्रश्न घरूनच तयार करून आणलेला होता.

मठ सांभाळणारे अप्पा सूप पुढे घेऊन शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

रेडेकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. गडहिंग्लजला चौदा बिऱ्हाडांची एक सोसायटी होती, तिचे ते सात वर्षं सेक्रेटरी. इमारतीचा वीस वर्षांचा तक्ता त्यांनी स्वतःच्या हातानं आखला होता. लिफ्ट कधी बदलायची, पाण्याची टाकी कधी, गच्ची कधी. त्यासाठी दरमहा प्रत्येक घराकडून वर्गणी घेऊन राखीव निधी साठवला होता. सात वर्षांत त्यातला एक पैसाही त्यांनी हलू दिला नव्हता, आणि हे ते न विचारताही सांगत.

आता अडचण उभी राहिली होती ती मगदूमांची.

सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीखाली सुभद्रा मगदूम राहायच्या. सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. नवरा आण्णाप्पा अर्धांगवायूनं दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या दोन्ही खोल्यांत पाणी झिरपलं होतं, आणि मागच्या आठवड्यात छताचं ढलपं निघून आण्णाप्पाच्या उशीशेजारी पडलं. पावसाच्या आत राखीव निधीतून गच्ची दुरुस्त करून द्या, असा बाईंनी अर्ज दिला.

रेडेकरांनी तो परत केला. तक्त्यात गच्ची चौदाव्या वर्षी होती, आणि आता कुठे सातवं चालू होतं.

कमिटीत निम्मे बाईंच्या बाजूचे निघाले, निम्मे रेडेकरांच्या. रविवारी मीटिंग होती आणि निर्णय रेडेकरांच्याच मतावर येऊन थांबला होता. ते सल्ला मागायला आले नव्हते. आपलं बरोबर आहे, एवढं त्यांना अप्पांच्या तोंडून हवं होतं.

"आज मगदूमांना दिलं तर उद्या दुसरं कुणी येईल," ते म्हणाले. "मग त्याला राखीव कशाला म्हणायचं?"

अप्पांनी सूप बाजूला सारलं. आणि ओसरीवर सरळ उताणे झाले.

"ये. आडवा हो."

रेडेकर घुटमळले. शर्टाची इस्त्री मोडणार होती. पण पंचवीस वर्षांत अप्पांचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. ते शेजारी आडवे झाले.

"हातपाय हलवायचे नाहीत."

वर सागवानी तुळया होत्या, तुळयांवर शहाबादी फरशा. सवयीनं रेडेकरांनी आधी लाकडाचं वय ताडलं. मग फरशा मोजल्या. अकरा. सहाव्या फरशीला चीर होती.

नाकावर माशी बसली. ती उडवायची नव्हती.

ते पुन्हा पहिल्या फरशीपासून मोजू लागले. पण नजर सहावीवर जायची आणि तिथेच राहायची. चीर वाढलीय का? मघाशी एवढी लांब होती का?

बराच वेळ गेला...

"सरकलास?" अप्पांनी विचारलं.

रेडेकरांनी पाहिलं. ते हातभर बाजूला आले होते.

"उगीच... ती वरची फरशी जरा..."



अप्पा उठले आणि सूप पुढे ओढून शेंगा फोडू लागले. रेडेकर मात्र तसेच पडून राहिले. मग उठून टेकडी उतरले.

रविवारी त्यांनी मत बाईंच्या बाजूनं दिलं. कारण सांगितलं नाही. तक्त्यातली चौदाव्या वर्षाची ओळ स्वतःच खोडली, तेव्हा पेन दोनदा उचललं आणि दोनदा खाली ठेवलं. मृगाच्या आत गच्ची पुरी झाली. निधी निम्म्याहून खाली आला.

आण्णाप्पा मगदूम आश्विनात गेले.

तेराव्याच्या जेवणाहून परतताना जिन्यात कुणीतरी म्हणालं, पाच महिन्यांसाठी केवढा हा खर्च. रेडेकर पुढे चालत होते. ते वळले नाहीत. कारण त्यांच्याही मनात सकाळी हेच येऊन गेलं होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली होती.

दुसऱ्या दिवशी ते टेकडी चढले.

"आण्णाप्पा गेला, अप्पा."

अप्पांनी मान हलवली.

"यंदा पाऊस बराच झाला," अप्पा म्हणाले.

"हो."

"मग?"

"एक थेंब आला नाही आत."

खालच्या वाटेवरून कुणी बैलगाडी हाकत चाललं होतं. ती दिसेनाशी होईपर्यंत दोघं तिकडे पाहत बसले.

"लोक विचारतात," रेडेकर म्हणाले. "शिल्लक निम्मीसुद्धा उरली नाही. उद्या लिफ्ट बंद पडली तर काय करायचं, म्हणतात... मी काय सांगू त्यांना?"

"वर्गणी वाढवतोय, म्हणून सांग."