उंचवट्यातले बीळ

एका उघड्या माळरानावर एक साळिंदर आपल्या पिल्लासह राहत असे. मुलांनो, त्या माळावर मातीचे जुने उंचवटे होते आणि प्रत्येकाभोवती मोठमोठ्या दगडांचे कडे होते. फार पूर्वीच्या माणसांनी आपली मेलेली माणसे तिथे पुरली होती. साळिंदराला त्याचे काय? माती भुसभुशीत दिसली, तसे त्याने सर्वांत मोठ्या उंचवट्यात बीळ खणायला घेतले. कड्यापाशी एक टिटवी अंडी उबवत होती. तिने सांगून पाहिले की हे दगड आपोआप जमलेले नाहीत, कुणीतरी मायेने रचलेले आहेत, तेव्हा बीळ दुसरीकडे खणावे.

"मेलेल्यांना घर कशाला लागते, टिटवीबाई?" असे म्हणून साळिंदर खणतच राहिले.

खोल गेल्यावर त्याला हाडे लागली. एक मोठा सांगाडा कुशीवर निजलेला होता आणि त्याला बिलगून एक लहानसा. लहान हाडे आड येत होती, म्हणून साळिंदराने ती मागच्या पायांनी बाहेर उडवली. एक तेवढे दात घासायला ठेवून घेतले.

एका सकाळी साळिंदर कंद खाऊन परतले, तर दारात खेळणारे पिल्लू दिसेना. जवळच कोल्ह्याची पावले उमटलेली होती. साळिंदर हाका मारत माळभर धावले, ओढ्यात उतरले, त्याने करवंदीच्या जाळ्या धुंडाळल्या. अंडी सोडून टिटवीही वर घिरट्या घालत शोधू लागली. शेवटी हताश होऊन ते बिळात शिरले, पार आतपर्यंत गेले. पिल्लू तिथेच होते. कोल्ह्याला भिऊन ते आत पळाले होते आणि मोठ्या सांगाड्याच्या वाकलेल्या हाताखाली अंग चोरून झोपले होते.

साळिंदराला आधी हायसे वाटले. मग त्या हाताकडे बघता बघता त्याची मान खाली गेली. पिल्लाला टिटवीजवळ बसवून त्याने उन्हात विखुरलेली लहान हाडे तोंडात धरून आत नेली. एक हाड निम्मे कुरतडून झाले होते. तेही त्याने तसेच जागेवर ठेवले. पिल्लू कुठे सापडले, असे टिटवीने विचारले, तेव्हा त्याला तिच्याकडे बघवेना.

"कुणाच्या तरी कुशीत," ते म्हणाले. "त्या कुशीतले लेकरू मी बाहेर फेकले होते."

बिळाचे तोंड बुजवून ते पिल्लाला घेऊन निघाले आणि माळाच्या टोकाला, कठीण मुरमात, नवे बीळ खणू लागले.

तात्पर्य : ज्यांना बोलता येत नाही त्यांचीही कुणावर तरी माया असते, हे विसरून त्यांची जागा बळकावू नये; उचललेले परत ठेवता येते, पण कुरतडलेले भरून येत नाही.