राखून ठेवलेला डाव

"मग तुमच्या दारात चालतंय आन् माझ्या दारात का मरतंय? तेवढं सांगा, वस्ताद."

भूपाल चौगुले रसाचा गाडा दारात लावून आत आला आणि बसायच्या आधीच बोलला. माझी मोपेड वस्तादांच्या शेडात उघडून पडली होती, म्हणून मी हजर होतो. ऐकलं तेवढंच सांगतो, तिखटमीठ लावायची मला सवय नाही.

दस्तगीर वस्ताद मिरजेच्या वाटेवर पत्र्याच्या शेडात इंजिनं दुरुस्त करायचे. भूपाल त्यांच्याकडं सहा वर्षं शिकला. हात चांगला होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्यानं परसात बसून जुन्या मोपेडचं इंजिन कापून-जोडून आईच्या रसवंतीला बसवलं होतं. बावीस वर्षं त्याच्या आईनं, अक्काताईंनी, उसाचा चरक हातानं फिरवला. आता त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, वेणीसुद्धा सून घालायची. उरूस दोन दिवसांवर आला होता. इंजिन चाललं तर गाडा लागणार, नाहीतर म्हातारी पुन्हा चरकाला हात घालणार. ती ऐकणारी नव्हती.

"किती वेळ चालतंय?" वस्तादांनी विचारलं.

"धा मिनटं. मग गचके देतंय आन् बंद. झाकण काढून बघतो तर टाकीत पेट्रोल असतंय. झाकण लावून किक मारली की परत चालू. परत धा मिनटं."

"आन् काल हितं?"

"काल हितं तीन तास चाललं. तुमच्यासमोर."

वस्ताद कार्बोरेटर पुसत राहिले.

"तुम्ही काय तरी केलंय."

"काय केलंय?"

"तेच इचारतोय. तालमीतला वस्ताद सगळं शिकवतोय, पण एक डाव राखून ठेवतोय. उद्या चेला अंगावर आला तर असावा म्हणून." भूपाल थांबला. "तुमचा कंचा?"

...

मग भूपालनं आपली हुशारी सांगितली. काल इंजिन इथं आणण्याआधी त्यानं बायकोच्या नेलपॉलिशनं प्रत्येक स्क्रूवर लाल रेघ मारली होती, निम्मी स्क्रूवर, निम्मी खालच्या लोखंडावर. वस्ताद जो स्क्रू फिरवतील त्याची रेघ मोडणार, आणि डाव उघडा पडणार.

"घरी जाऊन भिंग लावून बघितलं," तो म्हणाला.

"मग?"

"एक बी रेघ मोडली न्हाई."

"मग झालं की."

"झालं कसं? म्हंजे तुम्हाला रेघा दिसल्या. तुम्ही त्या पुसून परत मारल्या."

मला हसू येत होतं. पण भूपालचे डोळे तांबारलेले होते आणि हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यानं खिशातून दहा-अकराचा पाना काढला आणि बाकावर ठेवला. शिकणं संपलं त्या दिवशी वस्तादांनीच तो त्याला दिला होता.

"हा घ्या. खोट्या माणसाचा पाना मला नको."

मला ते लागलं. वस्तादांना किती लागलं ते मला कळलं नाही. ते पान्याकडं बघत बसले.

...

"बरं," ते शेवटी म्हणाले. "जाताना एक काम कर. त्यो तेलाचा नवा डबा फोडून बरणीत ओत. माझे हात कापत्यात."

भूपालनं रागारागात स्क्रूड्रायव्हर डब्यावर टेकवला. हातोडी दिसेना, तेव्हा बाकावरचा पाना उचलला आणि त्यानंच ठोकला. एक भोक कडेला मारलं, दुसरं समोरच्या कडेला. डबा कलता केला. तेलाची धार लागली.

"भोकं दोन का मारलीस?"

"दोन का म्हंजे? एकातनं तेल येणार. दुसऱ्यातनं वारं आत जाणार. वारं आत गेल्याबिगर तेल भायेर..."

बरणी भरून तेल बाकावर सांडायला लागलं तरी त्याला भान नव्हतं. शेवटी मीच डबा सरळ केला.

तो दारातल्या गाड्याकडं बघत होता. इंजिनाच्या टाकीचं झाकण, त्याच्या मधोमध एक लाल ठिपका.

"झाकणाचं वाऱ्याचं भोक मीच बुजवलं," तो हळू म्हणाला. "त्याच नेलपॉलिशनं."

"कशाला?"

"समोरचा पोपट माळी. त्याचाबी रसाचा गाडा हाय. त्यानं भोकातनं साखरंचं पाणी सोडलं असतं तर?"

"सोडलंतं कधी?"

"...न्हाई."

"आन् काल हितं?"

"काल तुम्ही झाकण काढून टाकीवर फडकं टाकलंतं."

"तुझ्यासमोर टाकलं."

"मी स्क्रूकडं बघत हुतो."

"आन् जाताना काय म्हणलो?"

भूपालनं मान खाली घातली. "म्हणलासा, झाकण जरा सैल ठेव."

"मग?"

"मला वाटलं, खरी गोष्ट झाकायला तसं म्हणताय."

...

बाहेर जाऊन त्यानं तारेच्या टोकानं लाल ठिपका फोडला. झाकण घट्ट लावलं, किक मारली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. माझा चहा झाला, त्याच्यावर पानही झालं, तरी इंजिन चालूच होतं. भूपालनं तोंड फिरवून बाहीनं डोळे पुसले. पाना त्याच्या खिशात गेला होता. कधी गेला ते त्यालाही कळलं नसावं.

निघताना त्यानं झाकणावर बोट ठेवलं. मग उचललं. मग परत ठेवलं.

"वस्ताद..."

"आता काय?"

"भोक असं उघडंच ठेवलं, आन् त्यातनं कचरा गेला तर?"

"जाईल की थोडा," वस्ताद म्हणाले. "वारं आन् कचरा एकाच वाटंनं येत्यात, भूपाल."