आढं चढवण्याआधीचा प्रश्न

सकाळचे नऊ वाजलेत. घाटाखालच्या कुंभेरवाडीत नव्या घराचा लाकडी सांगाडा उभा आहे. खांब रोवलेत, तुळया बसल्यात. छपराचा कणा, म्हणजे आढं, अजून जमिनीवरच आहे. माणसं जमलीत, पण कुणी हात लावत नाही.

"खोळंबा कसला?" शहरातले पाहुणे विचारतात.

"विचारणं व्हायचंय," म्हातारे मंजाबा सांगतात.

फार मागे, म्हणे, रुक्माजी सुतार खोताचं घर बांधत होता. आढ्यासाठी खोताला देवराईतलं जुनं ऐनाचं झाडच हवं होतं. रीत अशी, की तिन्हीसांजेला झाडाला कुऱ्हाड टेकवून यायचं. सकाळी उभी दिसली तर झाडाचा होकार. पडलेली असली तर हात जोडून दुसरं झाड बघायचं.

सकाळी रुक्माजी पोचला तेव्हा सगळे आधीच जमले होते आणि कुऱ्हाड उभी होती. पण दांड्याच्या एका अंगाला टोकापर्यंत ओली माती होती. बाजूचं गवत दांड्याएवढंच चेपलेलं होतं.

"ही पडली होती. कुणी उभी केली?"

सगळे खाली बघू लागले. गावजेवण ठरलं होतं; ते कुणाला बुडवायचं नव्हतं.

"झाडाशी सोयरीक जुळवतोस काय?" खोत हसला. "उभी आहे ना? घाल घाव."

"दादा, तू मातीलाही साक्षीला बोलावशील!" धाकटा भाऊ गणूही हसला.

रुक्माजीनं घाव घातला. खोताला नाही म्हणणारा सुतार वाडीत राहिला नसता. पण माती त्यानं पाहिली होती.

ऐनाची दोन्ही टोकं निकोप निघाली. मध्ये गाभा कुजलेला होता. आढं वर चढताना मधोमध मोडलं. खाली गणू होता.

खोतानं दुसरा सुतार आणून घर पुरं केलं. पंगती उठल्या. रुक्माजी दारोदार एकच विचारत फिरला आणि तसाच मेला, असं सांगतात.

"सुटला का हो शेवटी त्याचा आत्मा?" एक पाहुणी विचारते.

"कशानं सुटेल, बाई?" मंजाबा म्हणतात.

आजही कुंभेरवाडीत आढं चढवण्याआधी सुतार मोठ्यानं विचारतो, "कुऱ्हाड कुणी उभी केली?" सगळे खाली बघतात. मंजाबा म्हणतात, "लावा रे हात." आढं वर जातं.

त्या सकाळी रुक्माजीच्या आधी झाडापाशी पोचलेल्या प्रत्येकाचं घराणं आजही याच वाडीत नांदतं आहे.