अध्यक्षांचा जुना चष्मा

डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टांच्या विभागीय संघटनेचे अध्यक्ष विश्वंभर कानडखेडकर एकदा माईक हातात आला की सोडत नसत. परभणीच्या परिषदेत तर त्यांनी जाहीरच करून टाकलं, "तालुका समित्यांचं प्रशिक्षण यंदापासून बंद. त्याऐवजी माझं व्याख्यान होईल."

पाथरीच्या समितीची सचिव रेहाना तांबोळी हे ऐकून अस्वस्थ झाली. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा वेळेत कशी ओळखायची, हे तिच्या समितीतली माणसं त्या प्रशिक्षणात शिकणार होती. नजर गेल्यावर धावत आलेले पेशंट तिने पाहिले होते. ती उठून उभी राहिली.

"सर, प्रशिक्षण बंद कशासाठी?"

"अहो तांबोळी मॅडम, एकदा शिकलेलं माणूस विसरतो का? पदविका घेतल्यापासून मी एकाही वर्गाला बसलो नाही. काही अडलं का माझं?"

पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. रेहानाने त्या थांबू दिल्या.

"सर, पदविका घेतली तेव्हा तुम्हाला चष्मा होता?"

"होता ना. अजून आहे कपाटात."

"मग तोच का नाही लावत?"

"काहीतरीच काय विचारता? त्यातून आता मला धड दिसेल का?"

"मग सर, तेव्हाच्या शिक्षणातून आजचा पेशंट कसा दिसेल?"

सभागृहात हशा पिकला. पुढची रांगही हसली. कानडखेडकरांनाही हसू आवरेना.

"प्रशिक्षण होईल," ते म्हणाले. "माझं व्याख्यान नको."

प्रशिक्षणाच्या दिवशी रेहानाच्या शेजारची खुर्ची ओढून ते स्वतः येऊन बसले, आणि सगळ्यात जास्त प्रश्नही त्यांनीच विचारले.