कोतवालाने न बोललेलं वाक्य

माल बैलगाडीपेक्षा नावेतून जास्त जायचा, त्या काळातली ही गोष्ट. एका रुंद नदीच्या काठी सातघाट नावाचं शहर होतं. मिठाच्या, कापसाच्या, तांब्याच्या भांड्यांच्या नावा लांबलांबून तिथे यायच्या. प्रत्येक नावेकडून शहर थोडी जकात घ्यायचं आणि त्या जकातीवर शहराचा सगळा कारभार चालायचा.

शहराची राखण दोन पथकं करायची. एक कोतवालाचे शिपाई. ते पेठांमधून गस्त घालायचे, चोर धरायचे, भांडणं मिटवायचे. दुसरे पखालवाले. कुठे आग लागली की पाण्याने भरलेल्या कातडी पखाली रेड्यांवर लादून, शिड्या आणि लांब आकडे घेऊन ते धावत सुटायचे. कोतवालाचं नाव रायाजी, आणि पखालवाल्यांच्या प्रमुखाचं नाव भिकोबा.

पुढे नदीने पात्र बदललं. धक्क्याशी दरवर्षी गाळ साचत गेला आणि शेवटी तिथे गुडघाभर पाणी उरलं. नावा पलीकडच्या काठाला लागू लागल्या. यात कोणाचा दोष नव्हता, पण शहराची तिजोरी आटत चालली.

शहराच्या प्रमुख होत्या सगुणाबाई. त्यांनी आधी नगरसभेची रोषणाई बंद केली, मग स्वतःची पालखी मोडीत काढली, मग उत्सवातली आतषबाजी थांबवली. तरी भागेना. तेव्हा त्यांनी दवंडी पिटवली, की परवा सकाळी सभा भरेल आणि शहराने यापुढे काय ठेवायचं, काय सोडायचं, ते ठरेल.

दुसऱ्याच दिवशी सकाळी शहरातले सर्वांत मोठे वखारवाले शेटजी रायाजीकडे आले. सभेत त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"रायाजीराव, तुमच्या भल्याचं बोलायला आलोय," शेटजी म्हणाले. "दोन्ही पथकं पोसणं आता शहराला जमायचं नाही. सहा वर्षांत गावात एक मोठी आग लागलेली नाही. पखालवाले नुसते बसून असतात. त्यांना निरोप देऊ. त्यांच्या पगाराचे पैसे तुमच्याकडे वळवू. तुमचा एकही शिपाई घरी बसणार नाही."

"आणि आग लागली तर?" रायाजीने विचारलं.

"तेवढ्यासाठीच आलो. लोक हाच प्रश्न विचारतील. तुम्ही उद्या सभेत उभं राहून एकच वाक्य बोलायचं. 'आगीचंही आम्ही सांभाळू.' बस. तुमच्यावर लोकांचा भरवसा आहे."

शेटजी गेले. दाराशी उभ्या असलेल्या हैबतीने सगळं ऐकलं होतं. हैबती जुना शिपाई होता, रायाजीच्या हाताखाली त्याची वीस वर्षं गेली होती.

"साहेब, बोलून टाका," तो म्हणाला. "एका वाक्याने साठ घरांच्या चुली पेटत्या राहतात. माझी दोन लेकरं लहान आहेत."

"पण आपल्याला आग विझवता येते का, हैबती?"

"वेळ आली की येईल," हैबती म्हणाला. पण बोलताना त्याने रायाजीच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

रायाजी उठला आणि चालत पखालवाल्यांच्या अंगणात गेला.

भिकोबा तिथे एक उसवलेली पखाल शिवत बसला होता. शेटजींचं बोलणं त्याच्या कानावर आलेलं नव्हतं. रायाजीला पाहून तो आनंदाने उठला. "या रायाजीराव. आज आमच्याकडे कशी वाट वाकडी केलीत?"

"तुमचं काम बघायचंय," रायाजी म्हणाला. "सहा वर्षं आग नाही. मग तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

भिकोबाला राग आला नाही. "चला दाखवतो," म्हणत त्याने रायाजीला आपल्या फेरीवर नेलं.

भडभुंज्याच्या दुकानामागे वाळक्या गवताच्या पेंढ्या भट्टीला टेकल्या होत्या. भिकोबाने त्या स्वतःच्या हाताने बाजूला रचल्या आणि भडभुंज्याला दोन शब्द सुनावले. लोहाराच्या छपरावर एक ठिणगी धुमसत होती, ती ओल्या फडक्याने दाबली. वाटेतल्या प्रत्येक विहिरीत दोर सोडून पाणी किती खोल आहे ते पाहिलं.

"ही फेरी रोज सकाळी," भिकोबा म्हणाला. "पाच वाटांनी पाच जण जातात. आग लागत नाही असं लोक म्हणतात. आम्ही लागू देत नाही. पण न लागलेली आग कोणाला कशी दाखवणार?"

अंगणात परतल्यावर रायाजी म्हणाला, "पखाल घेऊन शिडी कशी चढतात, ते मला करून बघायचंय."

पखालवाल्यांनी हसत हसत त्याच्या पाठीवर भरलेली पखाल बांधली. रायाजी अंगापिंडाने मजबूत होता. पहिल्या तीन पायऱ्या तो झपाझप चढला. चौथ्या पायरीवर पखालीतलं पाणी एका बाजूला हेलकावलं, त्याबरोबर सगळी शिडी हलली आणि त्याचे पाय लटपटू लागले. भिकोबाने खालून शिडी धरली नसती तर तो पाठीवर आपटला असता.

"तीन वर्षं लागतात," त्याला खाली उतरवत भिकोबा म्हणाला. "तेव्हा कुठे पाणी अंगाबरोबर चालायला लागतं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तिजोरीचं ऐकलंय मी. तुमची माणसं जातील नाहीतर माझी. माझी जाणार असतील तर एक करा. तुमच्या चार पोरांना माझ्याकडे पाठवा. कोणत्या विहिरी वैशाखातही आटत नाहीत, तेवढं तरी त्यांना शिकवून जातो."

हे ऐकून रायाजीला आपल्या खिशात चोरीचा माल असल्यासारखं वाटलं. ज्या माणसाची भाकरी त्याला देऊ केली होती, तोच माणूस त्याला विहिरी दाखवायला तयार होता.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. सगुणाबाईंनी परिस्थिती लपवली नाही. शेटजींनी आपला विचार मांडला आणि लोकांमध्ये कुजबुज सुरू झाली. एका कुंभाराने विचारलं, "पखालवाले गेले आणि आग लागली तर कोण धावणार?"

शेटजींनी रायाजीकडे पाहिलं. सगळी सभा रायाजीकडे पाहू लागली.

रायाजी उभा राहिला. मागे त्याचे साठ शिपाई ओळीने उभे होते.

"आम्ही धावू," तो म्हणाला. "पण आमच्या हातून आग विझणार नाही. काल मी पखाल घेऊन शिडी चढून पाहिली. चौथ्या पायरीवर माझे पाय लटपटले. आम्हाला चोर धरता येतो, हे काम येत नाही. येतं असं मी म्हटलं, तर तुम्ही निर्धास्त झोपाल आणि एके दिवशी त्याची किंमत मोजाल."

शेटजींचा चेहरा उतरला. "मग तुमची माणसं कमी करावी लागतील, रायाजीराव."

"करा. माझा घोडा विका, कोतवालीचं घर भाड्याने द्या, मी दोन खोल्यांत राहीन. तरीही कमी पडत असेल तर माणसं कमी करा. पण तेही खरं सांगून करा. माणसं कमी झाली की कापड गल्लीत गस्त जाणार नाही. तिथल्या दुकानदारांनी आपली कुलपं बळकट करावीत."

सगुणाबाई त्याच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आजवर या सभेत प्रत्येक जण आपल्याला काय हवं ते सांगायला आला. आपल्याला काय येत नाही, हे सांगणारे तुम्ही पहिलेच."

पखालवाले राहिले. घोडा विकला गेला, घर भाड्याने गेलं, आणि तरीही बारा शिपायांना निरोप द्यावा लागला. त्यांत हैबती होता. जाताना त्याने रायाजीला नमस्कार केला नाही. पट्टा काढून ओट्यावर ठेवला आणि निघून गेला.

ते महिने रायाजीला जड गेले. कापड गल्लीत तीन दुकानं फुटली. दुकानदार त्याला रस्त्यात अडवून बोलायचे. तो ऐकून घ्यायचा आणि उरलेल्या शिपायांबरोबर स्वतः पायी गस्त घालायचा. भिकोबाने आपले दोन पखालवाले संध्याकाळी बाजाराच्या कोपऱ्यांवर उभे करायला सुरुवात केली. कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

वैशाखातल्या एका दुपारी शेटजींच्या कापसाच्या वखारीने पेट घेतला. कसा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. वरच्या माळ्यावर कापूस निवडणाऱ्या नऊ बायका होत्या. जिना खालून पेटला आणि त्या वर अडकल्या. शेटजी रस्त्यात उभे राहून ज्याला त्याला हात जोडत होते.

पखालवाले आले. रेडे धावत आले, त्यांच्यामागे शिड्या आल्या. रायाजीच्या शिपायांनी गर्दी मागे रेटली, रस्ता मोकळा केला आणि विहिरीपासून वखारीपर्यंत माणसांची साखळी उभी केली. तेवढं त्यांना येत होतं आणि तेवढं त्यांनी चोख केलं. साठीला टेकलेला भिकोबा पाठीवर पखाल घेऊन धुरात शिडी चढला. त्याच्यामागे आणखी तिघे चढले. खिडकीची चौकट आकड्याने उपटून त्यांनी एकेका बाईला खाली आणलं. नऊच्या नऊ. वखार गेली, पण शेजारचं एकही घर पेटलं नाही.

सातवी बाई खाली उतरली तेव्हा गर्दीतून एक माणूस वेड्यासारखा पुढे आला आणि तिच्यापाशी मटकन बसला. तो हैबती होता. त्याची नोकरी गेल्यावर त्याच्या बायकोने वखारीत काम धरलं होतं.

थोड्या वेळाने हैबती रायाजीसमोर येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "साहेब, ते वाक्य तुम्ही बोलला असतात, तर आज शिडीवर मी असतो. आणि मला चढता आलं नसतं."

रायाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बायकोला घरी घेऊन जा. पाणी पाज तिला."

आठवड्याने पुन्हा सभा भरली. लोकांनी भिकोबाला आणि रायाजीला पुढे बसवलं. सगुणाबाई म्हणाल्या, "रायाजीराव, शहर तुमचं ऋणी आहे. काय हवं ते मागा."

"मला काही नको," रायाजी म्हणाला. "आग भिकोबाने विझवली. मी एवढंच सांगतो, कापड गल्ली अजूनही उघडी आहे. बारा माणसांशिवाय ती राखणं मला जमत नाही. मागच्या सभेतही मी हेच सांगितलं होतं, आजही तेच सांगतो."

सगळ्यांच्या आधी शेटजी उठले. त्यांची वखार राख झाली होती, तरी ते म्हणाले, "नावा आता परत येणार नाहीत. आपली राखण आपल्यालाच पोसायला हवी. मोठ्या दुकानांनी जास्त द्यावं, लहानांनी जमेल तेवढं. माझ्यापासून धरा." मग कुंभार उठला, मग कापड गल्लीतले दुकानदार, मग भडभुंजा. हात वर होत गेले. पावसाळा सुरू होण्याआधी बारा शिपाई कामावर परतले.

तेव्हापासून सातघाटात एक रीत पडली. वर्षाच्या सुरुवातीला कोतवाल आणि पखालवाल्यांचा प्रमुख सभेत उभे राहतात. जेवढं मिळणार आहे तेवढ्यात आम्ही काय राखू, हे ते सांगतात, आणि काय राखता येणार नाही, तेही सांगतात. त्यानंतरच शहर आपला हात खिशात घालतं.

तात्पर्य: हाती थोडं असताना 'सगळं सांभाळू' म्हणणारा आपल्याला खूश करतो, काय सांभाळता येणार नाही हे सांगणारा आपल्याला वाचवतो.