सहाव्या दिवसाची फवारणी

झाडं बोलत होती, तेव्हाची गोष्ट. वेळ संध्याकाळी साडेपाचची, ठिकाण चिखलदऱ्याच्या उतारावरचा कॉफीमळा. पितळी पंपाने कॉफीबाईच्या अंगावर पांढरी बुरशी फवारली.

"शी! बुरशी, आणि माझ्या अंगावर?" कॉफीबाई फणकारली.

"बाई, तुमच्या पानालाही मी धक्का लावणार नाही," बुरशी म्हणाली. "तुमची फळं पोखरणारे भुंगेरे तेवढे मला हवेत. आठ दिवस सावली आणि ओलावा द्या."

एका फळाच्या भोकातून भुंगेऱ्याने डोकं काढलं. "मावशी, असली घाण कोणी घरात घेतं का?"

"निम्मी फळं खाल्लीस तू, आणि घाण ती?" कॉफीबाईने फांद्या पसरून बुरशीवर सावली धरली.

पाचव्या दिवशी चार भुंगेरे भोकांच्या तोंडाशीच मरून पांढरे पडले. कॉफीबाई खुशीत डोलू लागली.

सहाव्या दिवशी तोच पंप पुन्हा आला. आज त्याच्या पोटात बुरशी मारायचं औषध होतं.

"अरे मेल्या, थांब! ती गेली तर माझी फळं गेली!"

"बाई, मी हुकमाचा ताबेदार. तेव्हा आण म्हणाले, आणली. आज मार म्हणतात."

पंप फवारून निघून गेला. आठवड्याभरात उरलेली फळंही भुंगेऱ्यांनी फस्त केली.

मळ्यात चौकशी बसली. बुरशीच कुचकामी होती, असा निकाल लागला. ते चार पांढरे भुंगेरे कोणी पाहिलेच नाहीत. आणि सहाव्या दिवसाचा हुकूम कोणाचा होता, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.