सोमणांचा नेम

सोमणांनी एकदा सोसायटीसाठी स्टूल केलं. ते डुगडुगलं, म्हणून त्यांनी एक पाय कापला. मग दुसरा लांब वाटला, तोही कापला. असे पाय सारखे करता करता स्टुलाचा पाट झाला आणि सोसायटीला हसायला विषय.

तरी विजेवरची करवत घ्यायची ठरली, तेव्हा सल्ला सोमणांचाच विचारला गेला. ते म्हणाले, "फळ्या कापायची गोल करवत घेऊ. अंगणात बाक करतो."

"बाक कसले करताय! झाडं पाडायचा चेनसॉ घ्या," चेअरमन घाटपांडे गरजले. "त्या जांभळानं माझ्या बाल्कनीची पांढरी फरशी पार डागाळलीय. रविवारी तुम्हीच पाडा ते."

जांभूळ सोमणांच्या जिवाभावाचं. पण चेअरमनपुढे बोलणार कोण? त्यांनी नम्रपणे मान डोलावली.

"पाडतो की, साहेब. माझा हात तुम्हाला माहीतच आहे. मी झाड तुमच्या बाल्कनीपासून लांब पाडायला जाणार. आता तुम्हीच सांगा, ते पडेल कुठे?"

घाटपांड्यांना पाट आठवला.

"गोलच घ्या," ते पुटपुटले.

जांभूळ अजून उभं आहे. खाली सोमणांचा बाक आहे. त्यावर बसलं की गुडघे हनुवटीला टेकतात.